आईचा डबा आणि समोरच्या काकूंचे उपवास

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आमच्या घरातील एक स्टीलचा, घट्ट झाकणाचा, मध्यम आकाराचा डबा अठरा वर्षांच्या अखंड सेवेनंतर निवृत्त झाला आहे. सेवाकाळात त्याला एकही पोचा आला नाही, त्याचं झाकण कधी हरवलं नाही, आणि नेमून दिलेलं काम त्यानं एकदाही टाळलं नाही. निरोप समारंभ झाला नाही. शाल-नारळ देण्यात आला नाही. सध्या त्यात आईच्या सुया, बटणं आणि तीन रंगांची रिळं ठेवली आहेत. यावर कोणाची हरकत असल्यास ती लेखी द्यावी. वाचली जाणार नाही.

माझी उभी हयात सरकारी कचेरीत माणसांच्या निवृत्तीचे आदेश काढण्यात गेली, त्यामुळे एका डब्याचा आदेश माझ्या हातून निघाला तर कुणाला नवल वाटू नये. पण आदेशात कारण लिहावं लागतं. नियत वयोमान, स्वेच्छा किंवा वैद्यकीय. डब्याच्या बाबतीत तिन्ही लागू पडत नाहीत, म्हणून कारण जरा सविस्तर सांगते.

आम्ही मूळचे नागपूरचे. वडील केंद्र सरकारच्या एका खात्यात होते. बदलीवर पुण्याला आले, इथेच निवृत्त झाले आणि मिळालेल्या पैशातून विश्रांतवाडीत, आळंदी रस्त्यापासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या-स्वयंपाकघर घेतलं. आई, बाबा आणि मी. मी लग्न केलं नाही. तो विनोद वेगळा आहे आणि त्यात माझा दोष कमी आहे. इमारतीला लिफ्ट होती. आईला तिचं भारी कौतुक. पहिल्या आठवड्यात ती भाजी आणायला चार वेळा खाली गेली, प्रत्येक वेळी एकच जिन्नस आणायला.

आमच्या दारासमोर दुसरं दार. मधलं अंतर नऊ पावलं. त्या दारात राहायच्या काकू. काका असताना ती दोघं होती, काका गेल्यावर काकू एकट्या. मुलगा हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत, तिकडेच राहायला. काकू खास पुण्याच्या. बोलणं मोजकं, आणि मोजून दिलेल्या त्या शब्दांतले निम्मे टोचणारे. आम्ही सामान लावत होतो तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "कपाट भिंतीला लावताय की भिंत कपाटाला? दुपारी दोन ते चार आम्ही झोपतो."

मग आत आल्या. खुर्चीवर बसल्या नाहीत. "आपण कुठले?"

बाबा म्हणाले, "नागपूरचे."

"नागपूरचे म्हणजे?"

"म्हणजे नागपूरचेच. बर्डीपासून दहा मिनिटांवर."

काकूंनी भिंतीकडे पाहिलं. तिथे बुद्धाची तसबीर नुकतीच टांगली होती, जरा तिरकी. तिच्या शेजारी निळ्या कोटातली दुसरी तसबीर, ती सरळ. पुढचा प्रश्न त्यांच्या ओठांवर आला होता, तो त्यांनी गिळला. "पाणी सकाळी साडेसहाला येतं," एवढं सांगून त्या गेल्या. आईनं आणलेला चहा ट्रेमध्येच राहिला. "आत्ताच झाला हो," असं त्या जाता जाता म्हणाल्या. हा "आत्ताच झाला" पुढे अठरा वर्षं टिकला. एवढा टिकाऊ चहा मी दुसरा पाहिला नाही.

आता डबा. बाबांनी तो नव्या घरासाठी रविवार पेठेतून आणला होता, आणि दुकानदाराकडून यंत्राच्या टोकदार पेननं त्याच्या काठावर आईचं नाव कोरून घेतलं होतं. भांड्यावर स्वतःचं नाव असणं हा आईला दागिना वाटे. आधीच्या सगळ्या भांड्यांवर सासूचं नाव होतं.

बुद्धपौर्णिमेला आमच्याकडे खीर होते. त्या पहिल्या वर्षी आईनं खीर डब्यात भरली, वर मूठभर चारोळ्या पेरल्या आणि नऊ पावलं चालून समोरची घंटा वाजवली. चारोळ्या घरच्या खिरीत नव्हत्या हे इथे नोंदवून ठेवते. तेवढ्याच होत्या, त्या शेजारच्या डब्यात गेल्या. "पाहुण्याले चांगलं द्यावं," हे आईचं धोरण. त्यानंतर चारोळ्या ह्या फक्त काकूंच्या डब्यासाठी यायच्या. आम्ही त्यांना हातही लावायचा नाही.

संध्याकाळी डबा परत आला. लख्ख घासलेला, आणि आत अर्धी वाटी साखर. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये, हा रिवाज काकूंनी कधी चुकवला नाही. आईनं झाकण उघडून आम्हाला दाखवलं.

"पाह्य कसा लख्ख आला. चाटूनपुसून खाल्ली असन."

बाबा वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "भांडं चाटलेलं कळतं होय तुला?"

"कळते. मनापासून घासलेलं भांडं कळते."

ती साखर आईनं वेगळ्या बरणीत ठेवली. पुढच्या सणाला त्याच साखरेची खीर झाली आणि ती पुन्हा समोर गेली. पुन्हा साखर आली. म्हणजे काकूंची साखर आमच्या घरी येऊन, दुधात शिजून, काकूंकडे परत जात होती आणि तिथून पुन्हा साखर होऊन येत होती. हे चक्र मला तेव्हा फार गोड वाटायचं.

खिरीशिवाय इतरही जायचं. सांबारवडी जायची. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे काकूंना समजावण्यात आईची एक दुपार गेली. पाटवडीचा रस्सा जायचा, गोळाभात जायचा. काकू दारात डबा घेत, "कशाला त्रास घेतलात, वहिनी," म्हणत. आईही त्यांना वहिनीच म्हणायची. दुसऱ्या दिवशी आई विचारायची, "कशी झाली होती वो, वहिनी?" आणि काकू म्हणायच्या, "छान." एकच शब्द. पण पुण्यात "छान" मिळायला माणसं निवृत्त होतात, हे मी आईला सांगितलं होतं, त्यामुळे ती खूश.

अडचण यायची ती जेवायला बोलावलं की. बाबांच्या पासष्टीला बोलावलं, तर त्या दिवशी काकूंची चतुर्थी. माझ्या बढतीला बोलावलं, तर गुरुवार. आईनं मग कॅलेंडर पाहून बुधवार काढला, तर प्रदोष. काकू म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला आमचे दिवस कसे माहीत असणार." आई घरी येऊन हिरमुसली नाही, कॅलेंडरसमोर चष्मा लावून उभी राहिली. एकादशी, चतुर्थी, शिवरात्र, सोमवार, कुलदेवतेचा मंगळवार, काकांच्या तिथीचा दिवस, आणि कुठलाच दिवस नसेल तेव्हा पित्त. वर्षात काकू जेवतात कधी, याचा बाबांनी एकदा वहीवर आराखडा काढला होता. त्यांच्या हिशेबानं काकूंना जेवायला एकूण सव्वाशे दिवस मिळत होते आणि ते सगळे आम्ही न बोलावलेले.

आम्ही हसायचो. मी तर ही गोष्ट धंद्याला लावली होती. कचेरीत, लग्नांत, मैत्रिणींच्या घरी, मी काकूंचा आवाज काढून "वहिनी, आज नेमकी माझी..." असं सुरू केलं की माणसं हातातला चहा सांडायची. दर खेपेला मी एखादा नवा उपवास रचून घालायची. शेवटी शेवटी त्यात चंद्रग्रहणाच्या आदल्या दिवसाचा उपवाससुद्धा होता. त्याला सगळ्यांत मोठा हशा यायचा.

काकू वाईट नव्हत्या. हे मला लिहावंच लागेल. बाबा आजारी पडले तेव्हा रुग्णवाहिका त्यांनी बोलावली. मी कचेरीत आणि आई घाबरलेली, अशा वेळी डॉक्टरांशी त्यांच्या खास आवाजात भांडल्या. "तुम्हाला मराठी कळत नाही की घाई कळत नाही?" असं त्यांनी एका मोठ्या डॉक्टरांना विचारलं होतं आणि डॉक्टर धावत आले होते. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असायची.

आणि बाबा गेले त्या दिवशी आमच्या घरी चूल पेटायची नव्हती, तेव्हा काकूंनी पिठलं-भात करून आणला. आई तोंड उघडेना. काकू तिच्याजवळ जमिनीवर बसल्या, भात कालवला आणि स्वतःच्या हातानं आईला भरवला. एक घास, दुसरा घास, तिसरा. "खा हो वहिनी, माझ्यासाठी खा," म्हणत होत्या. मी दारात उभी राहून पाहत होते. ते खोटं नव्हतं. त्या रडत होत्या.

तेव्हापासून आईनं एकच गोष्ट मनात धरली. बाबांच्या मागे तिनं काही मागितलं नाही. नवं औषधसुद्धा ती मागत नाही, पाकीट संपल्यावर कचऱ्यात टाकते आणि मला ते दिसेल अशी वाट पाहते. पण हे ती बोलून दाखवायची.

"तिनं मले हातानं घास भरवला. आता एक डाव तिनं माह्या घरी, माह्यासमोर बसून जेवावं. बस."

"तिचे उपवास संपतील तेव्हा," मी म्हणायची.

"संपतील ना. मी कुठं जाऊन राहिले?"

लहानपणी गावात पाणी मागितल्यावर वरून ओतून दिलेलं आईला आठवतं. ओंजळ खाली, लोटा वर, मधे हवा. आईच्या वडिलांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतली, त्या दिवसापासून घरातले देव गेले, उपवास गेले आणि ओंजळही गेली. आईच्या लेखी तो हिशेब तिथे संपला होता. पुण्यासारख्या शहरात, लिफ्ट असलेल्या इमारतीत, मनापासून घासलेल्या भांड्यात ते पुन्हा नसणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

आता मावशी. आमच्याकडे आणि काकूंकडे, दोन्ही घरी धुणंभांडी करणाऱ्या मावशी एकच. लोहगावच्या बाजूच्या, आवाज मोठा, कामाला वाघ. इमारत उभी राहिली त्या वर्षापासून त्या इथे आहेत, म्हणजे डब्याइतकीच त्यांची सेवा. गेल्या बुद्धपौर्णिमेची गोष्ट. बाजारात चारोळ्या मिळाल्या नाहीत, म्हणून आईनं काकूंच्या डब्यात बदामाचे काप घातले. दुसऱ्या दिवशी आई आंघोळीला गेली होती, मी चहा पीत होते आणि मावशी फरशी पुसत होत्या. पुसता पुसता सहज म्हणाल्या,

"ताई, आवंदा आजींनी खिरीत चारोळ्या न्हाई टाकल्या व्हय? दर साली असत्यात. बदाम काय तशा लागत न्हाईत."

माझा चहा तोंडातच राहिला. मावशींनाही आई दरवर्षी खीर द्यायची, पण ती आमच्या पातेल्यातली. त्या पातेल्यात चारोळी कधीच नव्हती.

मी कप खाली ठेवला. माझ्या अंगात विभागीय चौकशी शिरली.

"मावशी, चारोळीची खीर तुम्ही कुठे खाल्लीत?"

फडकं थांबलं. त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं. "जाऊ द्या ना ताई."

"काकूंच्या डब्यातली?"

"काकू म्हनत्यात, मला गोड चालत न्हाई, तू घेऊन जा."

"दर वर्षी?"

"दर सालीच की."

"आणि वड्या?"

"त्यात त्याल लई असतं, म्हनत्यात."

"रस्सा?"

"मसाला."

"गोळाभात?"

मावशी उकिडव्या बसल्या होत्या, त्या सरळ बसल्या. "ताई, खरं सांगू? आमचं धाकटं तुमच्या आजींच्या गोळाभातावरच वाढलंय. आजींना बोलू नका. काकूंनी बजावलंय, त्यांना वाईट वाटंल म्हनून."

"मग तो डबा एवढा लख्ख..."

"मीच घासते. काकू म्हनत्यात, आतल्या सिंकमधी नको, ड्राय बाल्कनीत घास. दोनदा. साखर तेवढी त्या सोता घालत्यात, वरनं."

वरून. हा शब्द मावशींनी अगदी साधेपणानं उच्चारला. मी त्यांना म्हटलं, "आईला यातलं काही कळता कामा नये." त्यांनी गळ्याला चिमटा घेऊन शपथ घेतली. न्हाणीघरातून आईनं हाक मारली, "कोण बोलून राहिलं वो?" आणि मी ओरडून सांगितलं, "चारोळ्या महाग झाल्यात म्हणे!"

त्या दिवशी कचेरीत कुणीतरी फर्माईश केली, तुमच्या काकूंचं ते उपवासाचं सांगा ना. मी घसा दुखतो म्हणाले. मग जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले आणि मी माझा डबा नेहमीप्रमाणे मधे सरकवला. हात इकडून तिकडे गेले. कुणाची मेथी घेतली गेली, कुणाचं लोणचं. माझ्या डब्याशी दोघीजणींचे हात आले नाहीत. त्या दोघी माझ्या गोष्टीला सगळ्यांत मोठ्यानं हसणाऱ्या. एवढी वर्षं मी त्यांना हसवण्याच्या नादात त्यांची ताटं पाहिलीच नव्हती. डबा झाकून मी तो परत ओढून घेतला, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन आईचा डबा बंद पाडायचा उद्योग सुरू केला.

"काकूंना साखर वर्ज्य केलीय म्हणे डॉक्टरांनी."

"मग बिनसाखरेचं देते."

"तेल बंद आहे."

"वाफवून देते."

"अगं, त्यांचे उपवासच एवढे..."

इथे माझी जीभ घसरली आणि मी संकट ओढवून घेतलं. आईनं पोळपाट खाली ठेवला. "मग उपवासाचंच देते ना! आजवर हे डोक्यात काहून नाही आलं?"

आमच्या घरात छप्पन सालापासून कुणी उपवास केलेला नाही. उपवासाला काय चालतं आणि काय नाही, हे आईला कुणी शिकवलंच नव्हतं, कारण शिकवणाऱ्यांनीच ते सोडलं होतं. तिच्या मते उपवास म्हणजे भात-पोळी खायची नाही, बाकी सगळं खायचं. साबुदाण्याची खिचडी तिनं शेजारणींच्या बोलण्यात ऐकली होती. चतुर्थीच्या दिवशी तिनं ती केली: मोहरीची फोडणी, बारीक चिरलेला कांदा, चमचाभर हळद आणि वर सांबार. रंग सुरेख पिवळा. मी कचेरीत होते, नाहीतर अडवलं असतं.

काकूंनी झाकण उघडलं आणि त्या डब्यासकट आमच्या दारात आल्या. मी नेमकी तेव्हाच जिन्यावरून वर येत होते. "वहिनी, हळद, मोहरी, कांदा. उपवासात एवढंच चालत नाही आणि तेवढंच घातलंयत तुम्ही. नेम धरून घातलंत की काय?"

मला वाटलं, आई रडेल. ती घरात येऊन माझा हात धरून हसली. अठरा वर्षांत डबा पहिल्यांदाच भरलेला परत आला होता आणि आईला त्याचा आनंद झाला होता.

"पाहिलं? हळदच होती! तिनं खाल्ली असती, हळदीनं घात केला. तिनं सांगितलं तरी मले. दुसऱ्या कोणी तोंडावर सांगितलं असतं का?"

मावशी दर गुरुवारी उपवास धरायच्या. आईनं त्यांना गुरू केलं. दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात उपवासाची शाळा भरली. साबुदाणा रात्रभर भिजवायचा, पण पाणी वर बोटाच्या पेराएवढंच. दाण्याचा कूट जाडसर. फोडणी तुपाची, जिऱ्याची. मिरची चालते, हळद नाही. आई शाळेत तिसरीपर्यंत गेली होती, पण ही परीक्षा ती पहिल्या वर्गात पास झाली. मावशी तिच्या शेजारी उभ्या राहून शिकवायच्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघायच्या. मी खिडकीतून रस्ता बघायची.

आणि मग काकू जायच्या झाल्या. मुलानं हिंजवडीत मोठं घर घेतलं होतं, पंधराव्या मजल्यावर. "तिथे खाली बाग आहे," काकू म्हणाल्या. "वरून माणसं मुंग्यांसारखी दिसतात. बरं आहे, ओळख ठेवावी लागत नाही." पण सांगताना त्या आमच्या दाराला टेकून उभ्या होत्या, बराच वेळ. आईनं फक्त दिवस विचारला. दिवस कळल्यावर कॅलेंडर पाहिलं. संकष्टी चतुर्थी.

"बरोबर दिवशी जाऊन राहिली," आई म्हणाली.

त्या सकाळी काकूंची शेगडी काढलेली, भांडी खोक्यांत बांधलेली, खुर्च्या एकीवर एक. मुलगा टेम्पो घेऊन हिंजवडीहून नऊला निघणार होता. नऊला निघाला, साडेनऊला म्हणाला पुलाजवळ आहे, अकराला म्हणाला अजून पुलाजवळच आहे. त्यांच्या घरी बसायला जागा नव्हती. आई गेली आणि त्यांचा हात धरून त्यांना आमच्याकडे घेऊन आली. काकूंनी बरोबर स्वतःची पाण्याची बाटली आणली होती. मी ती पाहिली. आईनं पाहिली नाही, किंवा पाहिली.

आईनं निळी साडी नेसली होती. तिनं टेबलावर ताट मांडलं: एकच, काकूंचं. खिचडी पांढरीशुभ्र, मोकळी, दाणा न् दाणा वेगळा. कडेला दही, लिंबाची फोड, बटाट्याचा कीस. मी अख्ख्या पुण्यात एवढी निर्दोष उपवासाची खिचडी पाहिलेली नाही, आणि ती एका अशा बाईनं केली होती जिनं आयुष्यात एकही उपवास धरला नव्हता.

"वहिनी, हळद नाही," आई म्हणाली. "कांदा नाही, मोहरी नाही. मावशीले विचारा. तूपसुद्धा नवं आणलं, आपल्या घरातलं नाही वापरलं."

काकू ताटाकडे पाहत राहिल्या. त्यांनी चमचा उचलला, खिचडीत फिरवला. "दाणे कुणी भाजले?"

"मीच."

"छान भाजलेत." पुन्हा चमचा फिरवला. मग त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी आईच्या हातावर हात ठेवला. हात ठेवता येत होता. चमच्यावर खिचडी होती, लिंबाएवढी. ती अर्ध्यापर्यंत वर आली. आईचं तोंड, लहान मुलाला भरवताना आयांचं उघडतं ना, तसं आपोआप जरा उघडलं होतं.

तेवढ्यात काकूंचा फोन वाजला. टेम्पो खाली आला होता. काकूंनी चमचा ताटात ठेवला, आणि मी आजवर कुणाच्या तोंडावर एवढी सुटका पाहिलेली नाही.

"वहिनी, मुलगा आला बघा. त्याला घाई असते. असं करा ना, मला डब्यात द्या भरून. तिकडे गेल्यावर निवांत बसून खाते. अगदी नक्की."

आईनं मान हलवली. ती हसत होती. "देते ना, देते," म्हणत ती ओट्याकडे वळली, वरच्या फळीवरचा तिच्या नावाचा डबा काढला आणि पदरानं आतून पुसू लागली. मी जागची हलले नाही. बोलायला हवं होतं, आणि नेमकं काय बोललं म्हणजे आईचं कमी नुकसान होईल, याचा मी विचार करत होते. आयुष्यभर कुठल्याही घोळक्यात आधी बोलणारी मी.

मावशी काकूंचं रिकामं घर झाडून केरसुणी हातात घेऊन आमच्या दारात येऊन उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. त्यांनी ताटाकडे पाहिलं, पाठमोऱ्या आईकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"खावा की वो काकू आता! अठरा वरसं ह्याच डब्यातलं तुमच्या वाटचं मीच खातीय, मला कुठं काय झालंय!"